चढणीचे मासे आणि उजनीचे पाणी

मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून ओढ्याला लाल पाणी आले, की आमच्या गावात एक आरोळी उठायची, "मासं चढलं रं!"

मग घरात कोण राहतो! पोरे हातात येईल ते घेऊन पळत. कोणी बुट्टी, कोणी धोतराचे फाटके पान, कोणी नुसतीच काठी. बाया पदर खोचून मागोमाग येत. सीना नदीतला मासा उलट्या पाण्याने ओढ्यात शिरे, ओढ्यातून ताली-बांधांच्या सांडव्यावर येई आणि तिथून थेट रानात. गुडघाभर पाण्यात ज्वारीच्या धसकटांमधून मासे सळसळताना आम्ही पाहिले आहेत. रात्री बत्ती घेऊन गेले, की उजेडाने मासा थबकतो. मग हाताने उचलायचा आणि बुट्टीत टाकायचा.

1972 चा दुष्काळ सरल्यावर 1973 च्या पावसात मी दहा वर्षांचा होतो. वर्षभर मिलोच्या भाकरी खाल्लेली आम्ही माणसे. ओढा आला आणि त्या रात्री आमच्या घरी पाटीभर मासे आले. आईने ते चिरले, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात पिवळी गाबोळी निघाली. आईने ती तव्यावर परतली. त्या चवीची याद अजून जिभेवर आहे. घरातले सगळे पोटभर जेवले, त्यात कोणाची काही चूक होती असे मला आजही वाटत नाही.

पण आता माझ्या नातवाला मी तो ओढा दाखवतो, तेव्हा तो विचारतो, "आबा, मासे कुठे आहेत?" या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्ही दोघे गेल्या जूनमध्ये उजनीला गेलो. त्या प्रवासाची ही हकीकत.

सोलापूरहून उजनीकडे

नातू पुण्याला शिकतो. वय चौदा. सुट्टीत त्याला मासे धरायचा नाद लागला आहे. पुण्याहून येताना एक लांबलचक काठी, चरकी आणि तंगूस असलेला नव्या तऱ्हेचा गळ घेऊन आला होता. आमच्या काळचा गळ म्हणजे वेळूची काठी, दोरा आणि भेंडाचा तुकडा. तो म्हणाला, "आबा, पुण्याची पुष्कळ माणसे रविवारी उजनीला गळ टाकायला येतात." मी म्हटले, चल तर मग, बघू तरी.

सोलापुरातून पुण्याच्या रस्त्याला लागले, की मोहोळ, मोडनिंब, टेंभुर्णी अशी गावे लागतात. दोहोंकडे ऊसच ऊस. तीस-चाळीस वर्षांपूर्वी याच रानात ज्वारी, करडई आणि हुलगा दिसे. हा बदल केला उजनीच्या पाण्याने. टेंभुर्णीच्या पुढे भीमानगर लागते. तिथे भीमा नदी आडवून बांधलेला तो अडीच किलोमीटर लांबीचा बांध उभा आहे. 1980 साली तो पुरा झाला. जलाशयाला 'यशवंतसागर' असे नाव आहे.

आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही उजनीचे आकडे पाठ असतात. धरण भरले म्हणजे 117 टीएमसी पाणी. त्यातले 63 टीएमसी हे मृतसाठ्याचे आणि 53 टीएमसी वापरायचे. म्हणून तर आपल्याकडे उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये गेली" असे म्हणतात. म्हणजे वापरायचे पाणी संपून खालच्या साठ्याला हात लागला. 2024 च्या जूनच्या सुरुवातीला ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली होती. हिशोब केला तर एवढ्या मोठ्या समुद्रात जेमतेम 31 टीएमसी पाणी उरले होते. पळसदेवचे जुने मंदिर तेव्हा पाण्याबाहेर आले आणि माणसे ते बघायला गेली. बुडालेल्या गावांतल्या म्हाताऱ्यांनी आपल्या जुन्या घरांचे जोते शोधले.

मंदिर वर आले हे सर्वांनी पाहिले. पण पाणी जसजसे आटते, तसतसा सगळा मासा उरलेल्या पाण्यात गोळा होतो हे फार कमी लोक ध्यानात घेतात. वैरण संपली की जनावरे एका गंजीपाशी गोळा होतात, तसेच ते. त्या वेळी जाळे टाकणाऱ्याला कष्ट नसतात आणि माशाला पळायला जागा नसते. पुढच्या पावसाळ्यात पिल्ले घालणारे नर-मादी त्या उन्हाळ्यातच निघून जातात. बियाणेच खाल्ल्यावर पेरणार काय?

पाणलोटाकाठचे मामा

इंदापूर ओलांडून आम्ही पळसदेववरून भिगवणकडे गेलो. हिवाळ्यात इथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते बघायला शहरातली माणसे येतात आणि मासेमार आपल्या होडीतून त्यांना फिरवतात. रस्त्यावर जागोजागी मच्छी खानावळी आहेत. पुण्या-मुंबईचे लोक खास माशाच्या थाळीसाठी गाडी थांबवतात.

काठावर आम्हाला एक वयस्कर मासेमार भेटले. नाव विचारले तर म्हणाले, "नावाला काय करतासा, मामा म्हणा." त्यांची जमीन धरणात गेलेली. जमीन गेली तेव्हा ते पोरगे होते. नदीकाठच्या काळ्या रानात त्यांचे वडील गहू-हरभरा करीत. रान पाण्याखाली गेले आणि बापलेकांनी जाळे हातात घेतले. "रान पान्यात गेलं, मग पान्यालाच रान म्हनलं," असे ते म्हणाले.

मी विचारले, "मामा, पूर्वी इथे कोणता मासा मिळे?"

मामा बोटे मोडू लागले, "कटला, रोहू, मृगळ. वाम, मरळ, शिंगाडा. धा-धा किलोचा कटला डोक्यावर घेऊन म्या बाजारात गेलोय. आता जाळं वडलं की निस्ती चिलापी."

नातवाने तोवर गळ टाकला होता. अर्ध्या तासात त्याला तीन चिलाप्या लागल्या. तळहाताएवढ्या. पोरगे खूश. चौथ्या खेपेला तो लव्हाळ्याच्या कडेला गेला आणि ओरडला, "आबा, इकडे बघा, पाणी लाल दिसतंय!"

मामा उठले, बघितले आणि म्हणाले, "पोरा, गळ काढ. काढ म्हनतो ना!"

पाण्यावर लालसर, शेंदरी पिल्लांचा एक घोळका तरंगत होता. ताटाएवढा. ती मरळीची पिल्ले. मरळीचे जोडपे आपल्या पिल्लांची राखण करते. पिल्ले श्वास घ्यायला वर येतात तेव्हा बाप खाली दबा धरून असतो आणि जवळ आलेल्या कोणावरही धावून जातो. त्यामुळेच तो गळाला पटकन लागतो. पिल्लांच्या घोळक्यात गळ टाकणे ही मरळ धरण्याची जुनी युक्ती आहे. लहानपणी आम्हीही केलेली. पण राखणदार गेला की त्या शेकडो पिल्लांची दुसऱ्या माशांकडून चटणी होते.

नातवाने गळ गुंडाळला. हिरमुसला. मामा त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "त्यो आता लेकरं राखतोय. दिवाळीच्या पुढं ये. तवा मीच तुला मरळ कुठं बसती ते दाखवतो."

मला वाटते, मासेमारीच्या हंगामाचा सगळा कायदा या तीन वाक्यांत आला.

मासा कधी व्यायतो?

शेतकऱ्याला गाय कधी माजावर येते, शेळी कधी गाभण राहते हे ठाऊक असते. गाभण जनावर आपण कसायाला देत नाही, औताला जुंपत नाही. पण मासा कधी व्यायतो याचा आपण विचार केलेला नसतो. कारण तो पाण्याखाली असतो.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. आपल्याकडे त्यांचे बीज आणून सोडले. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ते वयात येतात. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना नव्या पुराचे वाहते पाणी लागते. पाऊस पडला, नदी गढूळ झाली, की ते प्रवाहाच्या उलट चढून उथळ जागी जातात आणि तिथे अंडी सोडतात. जून ते ऑगस्ट हा त्यांचा मुख्य काळ. आपल्या भाषेत मृगापासून श्रावणापर्यंत. आपल्या ओढ्यातले खवल्यासारखे लहान गावरान मासेही याच वेळी चढतात. 'चढणीचे मासे' म्हणतात ते हेच. ते हौसेने रानात येत नाहीत. ती बाळंतपणाला निघालेली माणसे आहेत असे समजा.

एक किलोच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यातली बहुतेक वाया जातात. काही पाण्याबरोबर वाहून जातात, काही दुसरे मासे खातात. तरी हजारात एक जगले म्हणा. मग एका मादीचे 200 मासे झाले. चढणीला लागलेली ती एक मादी आपण काठीने मारली, तर एक किलो मासा मिळाला आणि पुढचे 200 गेले. तीच मादी दिवाळीनंतर धरली, तर तीही मिळते आणि तिची पिल्लेही पाण्यात राहतात.

मग चिलापीच कशी टिकली? तिची रीत वेगळी आहे. ती मूळची आफ्रिकेतली. मादी अंडी तोंडात घेऊन उबवते, पिल्लेही काही दिवस तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेकदा विते. तिला पुराच्या पाण्याची वाट बघावी लागत नाही. त्यामुळे बाकीच्या माशांची पिढी तुटली, तरी तिचे रान मोकळेच राहते. शेतात पीक विरळ झाले की तण माजते, त्यातलाच हा प्रकार.

मामांनी आणखी एक दुखणे सांगितले. 'वडाप' म्हणून बारीक आसाचे जाळे असते. आस म्हणजे जाळ्याचा डोळा. मोठ्या आसातून लहान मासा निसटतो. वडापातून बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही. किलोभर होणारा मासा त्यात दहा ग्रॅमचा असताना येतो आणि वाळवून कवडीमोलाने विकला जातो. "ही तर कोवळी कणसं खुडल्यावानी गत झाली," मामा म्हणाले.

सगळा दोष जाळ्याचा आणि गळाचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून याच जलाशयात येते. जलपर्णी माजते. ओढ्या-नद्यांवर आपण ठिकठिकाणी बंधारे बांधले, त्यांनी शेताला पाणी मिळाले पण माशाची वाट अडली. या गोष्टी एकट्या-दुकट्याच्या हातच्या नाहीत. पण पुराच्या पहिल्या पाण्यात काठी घेऊन उतरायचे की नाही, हे मात्र आपल्याच हातात आहे.

समुद्रावर काय करतात?

समुद्र सोलापूरपासून दूर. पण तिथली रीत आपण ऐकावी अशी आहे.

कोकणचा कोळी आषाढात होडी किनाऱ्यावर ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावरच पुन्हा पाण्यात घालतो. ही रूढी फार जुनी. समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि त्याच सुमारास पुष्कळ मासे अंडी घालतात हे दुसरे. पुढे यांत्रिक बोटी आल्या, त्यांना वादळाची तेवढी भीती राहिली नाही. तेव्हा रूढीच्या जागी कायदा आणावा लागला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 सालचा आहे. आज पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्यावर ती 15 एप्रिल ते 14 जून असते. 2023 साली महाराष्ट्राने पापलेट हा राज्यमासा ठरवला. त्याच वर्षी पापलेट, सुरमई, बोंबील अशा पन्नासहून अधिक जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरायचा नाही.

दोन महिने बंदी म्हणजे दोन महिने चूल कशी पेटवायची, हा प्रश्न आहेच. त्यासाठी बचत व मदत अशी योजना आहे. पात्र मच्छीमाराने स्वतःचे 1500 रुपये भरायचे, सरकारने 3000 घालायचे आणि तीन महिन्यांत मिळून 4500 रुपये त्याला द्यायचे. ही रक्कम पोटाला पुरत नाही, हे उघड आहे. तरीही कोळी बंदी पाळतो. मग सवाल असा उरतो की, ज्याचे पोट माशावर आहे तो थांबतो आणि ज्याची केवळ हौस आहे तो का थांबत नाही?

"आमच्या चार माशांनी काय होते?" असे हौशी माणूस म्हणतो. मीही म्हणत असे. याचे उत्तर परदेशात मिळते. अमेरिकेच्या दक्षिणेला मेक्सिकोचे आखात आहे. तिथे आपल्या तांबोशीच्या कुळातला 'रेड स्नॅपर' नावाचा लाल मासा मिळतो. त्या माशाच्या ठरवून दिलेल्या पकडीतला जवळजवळ निम्मा वाटा हौशी गळवाल्यांचा आहे. एकेकाचे दोन-चारच मासे, पण माणसे लाखो. म्हणून सरकारला हौशी लोकांसाठीही हंगाम ठरवावा लागतो. 2017 साली खाजगी होड्यांना खोल समुद्रात आधी फक्त तीन दिवस दिले होते. फार ओरड झाली, तेव्हा ते 42 केले.

दुसरी गोष्ट कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाची. तिथला कॉड मासा शेकडो वर्षे जगभर जात होता. मोठमोठ्या जहाजांनी तो उपसला. जाणते इशारा देत होते, पण बंदी घालायला कोणी धजेना. अखेर 1992 साली मासाच उरला नाही म्हणून सरकारने मासेमारी बंद केली. सुमारे 30,000 माणसांचा रोजगार एका फटक्यात गेला. थोड्या काळासाठी म्हणून घातलेली ती बंदी 2024 साली, म्हणजे 32 वर्षांनी उठली. तीही अगदी थोड्या पकडीपुरती. बंदीच्या काळातली काही वर्षे सोडली, तर तिथल्या घरगुती मासेमाराला वर्षातला थोडा काळ गळ टाकायची मुभा मिळत आली आहे. माणशी दिवसाला पाच मासे आणि होडीत कितीही माणसे असली तरी पंधराच.

दरवर्षी दोन महिने थांबायचे, की एकदम बत्तीस वर्षे? समुद्राचा हा धडा ओढ्यालाही लागू आहे.

उपास श्रावणात, घात आखाडात

आपल्या घरांतही मासा न खाण्याचा महिना आहे. श्रावणात पुष्कळ घरे मांस-मासा शिवत नाहीत. कोणी आषाढी एकादशीपासून चातुर्मास पाळतात. कोणी म्हणेल, झाली की बंदी!

पण जरा पंचांग आणि पाऊस शेजारी ठेवून बघा. मासा चढतो मृग-आर्द्रात, म्हणजे ज्येष्ठ-आषाढात. आणि आपण नेमके आषाढात "पुढे श्रावण आहे, खाऊन घ्या" म्हणून आखाड साजरा करतो. जो महिना पाळायला हवा त्याच महिन्यात आपण दुप्पट खातो. श्रावण लागेपर्यंत निम्मे काम झालेले असते. उपासाचे पुण्य आपल्या पदरात पडत असेल, पण माशाच्या उपयोगाला ते उशिरा येते. नेम महिनाभर आधी धरला, तर रूढीही राहील आणि मासाही.

आपल्या संतांच्या वाटेवर याची उदाहरणे आहेत. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे लोकांनी पिढ्यान् पिढ्या देवाचे मानले. त्यांना कोणी धरत नसे, उलट यात्रेकरू खाऊ घालीत. रायगड जिल्ह्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानतात आणि कोणी त्यांना हात लावत नाही. इंद्रायणी भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. वरच्या डोहाला जो मान आहे, तो खालच्या ओढ्याला द्यायला काय हरकत आहे?

आपल्या हातात काय आहे?

परत आल्यावर मी आमच्या पारावर हा विषय काढला. काही हसले, काहींनी मान डोलावली. चर्चेअंती ज्या गोष्टींवर कोणाचे दुमत झाले नाही, त्या अशा:

पहिली, ओढ्याला पहिले पाणी आल्यापासून नारळी पौर्णिमेपर्यंत सांडव्यावर, मोरीखाली आणि रानात चढलेला मासा धरायचा नाही. गळसुद्धा टाकायचा नाही.

दुसरी, मच्छरदाणीचे कापड किंवा बारीक आसाचे जाळे कोणत्याच महिन्यात वापरायचे नाही.

तिसरी, ब्लीचिंग पावडर, सुरुंग किंवा विजेच्या तारा पाण्यात घालून मासा मारायचा नाही. यात जनावर आणि माणूसही दगावते. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणे 1897 सालच्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यानेही गुन्हाच ठरवले होते.

चौथी, पिल्ले राखणारी मरळ दिसली तर तिला सोडून द्यायचे.

पाचवी, पावसाळ्यात मासा खायचाच असेल तर शेततळ्यातला खावा. कटला-रोहूचे बीज आता नदीतून गोळा करावे लागत नाही. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी या बंगाली शास्त्रज्ञांनी ओडिशात माशाला पियूष ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात अंडी घालायला लावले. तेव्हापासून बीज केंद्रात तयार होते. त्या शोधाची आठवण म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. ज्याच्याकडे बारमाही पाण्याचे शेततळे आहे, त्याने बीज सोडून पाहावे. मात्र बंदी असलेला आफ्रिकी मांगूर कोणी गळ्यात मारील, तो घेऊ नये. पुरात तो ओढ्याला लागला तर उरलासुरला गावरान मासाही खाऊन टाकील.

या गोष्टी कागदावर सोप्या दिसतात. आमच्या पारावर एका मजुराने विचारले, "ज्याच्या घरी भाजी न्हाई, त्यानं काय करायचं?" त्याचा प्रश्न खोटा नाही. मला 1973 ची आमची चूल आठवली. मी त्याला म्हटले, "भुकेल्याच्या बुट्टीबद्दल मी बोलत नाही. गाडी घेऊन येतात, बत्त्या लावतात, पोतेभर मारतात आणि निम्मे बांधावर टाकून जातात, त्यांच्याबद्दल बोलतो." तो म्हणाला, "मग आधी त्यास्नी थांबवा." ते खरेच आहे. थांबायची सुरुवात ज्याचे पोट भरले आहे त्याने करायची.

मोरीपाशी एक रात्र

उजनीहून आल्यावर आठ-दहा दिवसांनी आमच्याकडे जोराचा पाऊस झाला. रात्री ओढ्याचा आवाज ऐकू आला. नातू उठून बसला. म्हणाला, "आबा, जाऊ या?"

आम्ही दोघे बॅटरी घेऊन मोरीपाशी गेलो. बरोबर गळ नव्हता, बुट्टी नव्हती. पाणी चहासारखे लाल होते. बराच वेळ काही दिसले नाही. मला वाटले, आता या ओढ्याला काहीच येत नाही. मग मोरीच्या तोंडाशी पाणी हलले. एक, मग दुसरा. वीतभर लांबीचे मासे उडी मारून धारेवर चढू पाहत होते. पडत होते, पुन्हा चढत होते. मी मोजले. अकरा.

माझ्या लहानपणी याच जागी आम्ही पाट्या भरल्या होत्या. आज अकरा. नातवाला मात्र ते पुष्कळ वाटले. तो बॅटरी विझवून कुजबुजला, "आबा, उजेडाने ते थांबतात ना? मग बंद ठेवू."

आम्ही अंधारात उभे राहिलो. पाण्याचा आवाज येत होता आणि मधूनच चपळ असा एक फटका ऐकू येत होता. एक जण चढला असावा.

घरी आल्यावर सुनेने विचारले, "काही मिळालं का?"

नातू म्हणाला, "दिवाळीनंतर मिळंल."